तोतयाची वंशावळ

मराठीत 'तोतया' हा शब्द आज दोन ठिकाणी भेटतो. एक, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर : 'तोतया पोलीस अटकेत', 'तोतया अधिकाऱ्याने वृद्धेला लुबाडले'. दुसरं ठिकाण म्हणजे इतिहासाची पुस्तकं, पानिपतानंतरचं एक विचित्र प्रकरण. गेली काही वर्षं मी ही दोन्ही ठिकाणं एकाच वेळी वाचतो आहे, आणि मला राहून राहून वाटतं की हा एकच माणूस आहे. कपडे बदललेत, घोड्याच्या जागी फोन आलाय. पण धंदा तोच आहे. म्हणून त्याची वंशावळ मांडून पाहावी म्हटलं. ऑनलाइन फसवणुकीवर बोलताना आपण नेहमी यंत्राबद्दल बोलतो. या वंशावळीत यंत्र फार उशिरा येतं.

मूळ पुरुषापासून सुरुवात करू.

14 जानेवारी 1761ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण 'पडले' असं आज आपण खात्रीनं म्हणतो. तेव्हा ती खात्री नव्हती. लढाईच्या गर्दीत भाऊ दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजानं नंतर लिहिलेल्या हकिकतीत रणांगणावर प्रेतांची ओळख कशी पटवली ते येतं : मस्तक नसलेलं धड, आणि त्यावरची जुन्या जखमेची खूण. अशा ओळखीवर ज्याला विश्वास ठेवायचा त्यानं ठेवला, ज्याला नाही त्यानं नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई लढाईतून जिवंत परत आल्या आणि त्यांनी वैधव्य पत्करलं नाही. नवरा कुठंतरी आहे, येईल, ही आशा त्या घरात वर्षानुवर्षं जागी होती. एका घरातच कशाला, साऱ्या मुलुखातच होती.

या आशेच्या पोटी तोतया जन्माला आला. सुखनिधान नावाचा हा कनोजी ब्राह्मण उत्तरेत, बुंदेलखंडाच्या बाजूला 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून आणलं, चौकशी झाली, हा भाऊ नव्हे असं ठरलं, आणि त्याची रवानगी किल्ल्यावर कैदेत झाली. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माधवराव गेले, 1773मध्ये नारायणरावाचा खून झाला, गादीवर तान्हं मूल आलं, राघोबादादा इंग्रजांकडे गेले. कारभार कुणाचा, हेच लोकांना नीट कळेना. अशा वेळी, 1776च्या आरंभी, रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानं कैदेतल्या तोतयाला बाहेर काढलं आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा जयजयकार केला.

पुढचं वाचताना आजही नवल वाटतं. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले. हजारोंची फौज जमली. बोरघाटापर्यंत तो येऊन भिडला. अखेर महादजी शिंद्यांनी त्याचा मोड केला, तो होडीतून मुंबईकडे निसटला, वाटेत रघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्याला आणला गेला. पुन्हा चौकशी झाली. 1776च्या अखेरीस त्याला देहान्ताची शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं, त्यामुळे मराठी वाचकाला ते अगदीच अनोळखी नाही.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली ही की, इतकी माणसं त्याच्यामागे गेली ती तो हुबेहूब भाऊंसारखा दिसत होता म्हणून नव्हे. कोकणातल्या किती शिपायांनी भाऊंना जवळून पाहिलं असेल? कुणाला पुण्याच्या कारभाऱ्यांवर राग होता, कुणाला बढती हवी होती, कुणाला मनापासून वाटत होतं की भाऊ आले तर सगळं सुरळीत होईल. तोतयाला चेहरा चोरावा लागला नाही. लोकांच्या मनात जी रिकामी जागा होती तिथं तो जाऊन बसला. शिवाय एका किल्ल्यानं दार उघडलं की दुसऱ्या किल्ल्याला तोच पुरावा वाटायचा.

दुसरी गोष्ट, तो उघडा पडला तो विचारण्यामुळे. पुण्यात भाऊंना ओळखणारी माणसं होती. कारभार ज्यांच्या हाती होता ते नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते आणि तिथून जीव वाचवून आलेले होते. तिथं तोतयाला चारचौघांत प्रश्न विचारले गेले. रत्नागिरीत असं विचारणारं कुणी नव्हतं, किंवा असेल तर त्याला विचारू दिलं गेलं नाही. तोतयाचं बळ असं एका जागेवर अवलंबून होतं : जिथं पडताळा होत नाही ती जागा.

आपल्या जुन्या व्यवहारात हे शहाणपण मुरलेलं होतं. लिहिता न येणारा कुणबी कागदावर सहीऐवजी नांगर काढायचा, 'निशाणी नांगर'. बाईच्या नावापुढे बांगडी यायची. नांगर तर कुणीही काढील, मग त्यात ओळख कसली? ओळख चित्रात नव्हतीच. ती शेजारी सह्या करणाऱ्या पाटील-कुलकर्ण्यांत आणि बलुतेदारांत होती. वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, मजहर तयार व्हायचा. बनावट कागद तेव्हाही भरपूर निघत. म्हणून तर सरकारी पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवत, मजकूर इथं संपला, याखाली कुणी ओळ घुसवू नये. मोर्तब कागद राखायचं आणि गोतसभा माणूस राखायची. अर्थात गोतसभेत कुणाचा शब्द जड आणि कुणाचा हलका, हे जातीवर आणि वतनावर ठरायचं, हेही विसरून चालणार नाही. त्या जगाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण ओळख ही एकट्याची चीज नसते, ती इतरांनी दिलेली साक्ष असते, एवढं ते जग जाणून होतं.

इंग्रजी राज्य आलं आणि साहेबापुढे अडचण उभी राहिली. त्याला गावातलं कुणीच ओळखीचं नव्हतं. साक्षीवर त्याचा भरवसा नव्हता. त्याला अशी खूण हवी होती जी माणसाच्या अंगावरच असेल आणि शेजाऱ्याला विचारावं लागणार नाही. 1858मध्ये बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा कागदाच्या पाठीवर घेतला. उद्देश साधा होता : पुढे 'ही सही माझी नव्हेच' असं म्हणायची त्याची छाती होऊ नये. पुढे 1877मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना हर्शेलनं बोटांचे ठसे रोजच्या कारभारात आणले. पेन्शनर मेल्यावरही त्याच्या नावानं कुणीतरी पेन्शन उचलत राहायचं, ते थांबावं म्हणून पेन्शनच्या कामात ठसे आले. आणि दुसऱ्याच्या नावानं जमीन विकली जाऊ नये म्हणून दस्तनोंदणीत आले. 1897मध्ये कलकत्त्यात ठशांचं स्वतंत्र दफ्तर झालं. हे ठसे लावून ठेवायची आणि शोधायची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलिसांचा मोठा हात होता. जगभर मात्र ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावानं गेली. चोरीचे किती प्रकार असतात पाहा.

दस्तावरचा हा अंगठा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

तोतयाच्या घराण्याची दुसरी शाखा टपालाची. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा व्हिडॉक नावाचा एक जुना कैदी पुढे गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला. 1828 साली निघालेल्या त्याच्या आठवणींत तुरुंगातून लिहिल्या जाणाऱ्या 'जेरुसलेमच्या पत्रां'ची हकिकत आहे. पत्रलेखक स्वतःला क्रांतीच्या धामधुमीत परागंदा झालेल्या कुणा उमरावाचा नोकर म्हणवतो. धन्याच्या जवाहिराची पेटी पळताना लपवावी लागली, आता मी तुरुंगात आहे, थोडी रक्कम पाठवलीत तर सुटून पेटी काढतो, तुम्हाला वाटा देतो. व्हिडॉक म्हणतो, शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच सोंग 'स्पॅनिश कैदी' या नावानं अमेरिकेपर्यंत पोचलं : स्पेनच्या तुरुंगात खितपत पडलेला श्रीमंत माणूस, त्याची पोरकी होऊ घातलेली मुलगी, कुठंतरी अडकलेली ट्रंक. शंभर वर्षांनी नायजेरियातून आधी टपालानं, मग फॅक्सनं, मग ईमेलनं पत्रं येऊ लागली, तेव्हा उमरावाच्या जागी मेलेला अधिकारी आणि ट्रंकेच्या जागी बँकेतलं खातं आलं, एवढाच फरक. तिथल्या दंडविधानातल्या कलमावरून जगानं या धंद्याला '419' असं नाव दिलं. योगायोग असा की आपल्या 1860च्या दंडविधानात तोतयेगिरीच्या फसवणुकीला शिक्षा सांगणारं कलमही 419च होतं. आपण मात्र शिवी म्हणून त्याच्या पुढचा आकडा निवडला, चारशेवीस.

या सगळ्या पत्रांत एक वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात असतंच : हे कुणाला सांगू नका. कारण दर वेळी वेगळं असतं. कैद्याच्या जिवाला धोका आहे, मुलीची अब्रू जाईल, सरकारला कळलं तर पैसा जप्त होईल. पण वाक्य तेच. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की वाचणाऱ्यानं बायकोला, भावाला किंवा गावच्या पोस्टमास्तरला पत्र दाखवलं की खेळ संपला. रत्नागिरीचा किल्ला आणि हे वाक्य यांचं काम एकच आहे.

आता महाराष्ट्रात परत येऊ. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातला पहिला आधार क्रमांक एका आदिवासी महिलेला देण्यात आला. ज्या माणसांकडे सातबारा नाही, दाखला नाही, ज्यांचा शब्द गोतसभेत कधी जड नव्हता, त्यांना स्वतःच्या बोटांवर स्वतःची ओळख मिळावी, ही कल्पना मोठी होती. हर्शेलच्या हुगळीतल्या ठशाचा हा नातू. पुढे त्या बोटावर बँकेतले पैसेही मिळू लागले. गावातल्या बँकमित्राकडच्या यंत्राला आधार क्रमांक आणि बँकेचं नाव सांगायचं, बोट टेकवायचं, रोख रक्कम हातात. ओटीपी नको, कार्ड नको. ज्या म्हातारीला तालुक्याला जायला अर्धा दिवस लागतो तिच्यासाठी ही सोय खरीच सोय आहे.

आणि तो दस्तावरचा अंगठा इथंच परत आला. नोंदणी खात्यांनी खरेदीखतं संगणकावर चढवली, काही राज्यांत ती कुणालाही पाहता येऊ लागली. त्या कागदांवर मालकाचा अंगठा होता आणि बऱ्याचदा आधार क्रमांकही. भामट्यांनी ते ठसे उतरवून घेतले, त्यांचे सिलिकॉनचे किंवा रबराचे अंगठे केले आणि दुसऱ्यांच्या खात्यातून पैसे काढले. तेलंगण, हरियाणा अशा राज्यांतून ही प्रकरणं उघडकीस आली, आणि मग दस्तांवरचे ठसे लोकांना दिसू नयेत अशी व्यवस्था करायला राज्यांना कळवण्यात आलं. हर्शेलनं दस्तावर अंगठा घेतला तो दुसऱ्याच्या नावानं व्यवहार होऊ नये म्हणून. सुमारे 140 वर्षांनी त्याच जागेवरून अंगठा चोरून दुसऱ्याच्या नावानं व्यवहार झाले.

या घटनेनं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. तोतयाला अडवण्यासाठी आपण जी खूण तयार करतो, ती सगळीकडे चालू लागली की तीच चोरायची वस्तू होते. मोर्तबाचं तेच झालं, सहीचं तेच, पासवर्डचं तेच, अंगठ्याचंही तेच. आता आवाज आणि चेहऱ्याची पाळी आहे. यंत्राला नातवाचा आवाज काढता येतो. नवी खूण येईल, ती काही वर्षं टिकेल आणि मग तिचाही सिलिकॉनचा अवतार निघेल. म्हणजे खुणा निरुपयोगी आहेत असं नव्हे. कुलूप कायमचं टिकत नाही म्हणून कुणी दार उघडं टाकत नाही. पण सगळा भार कुलपावर टाकून चालत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत 'डिजिटल अरेस्ट' नावाचा जो प्रकार माजलाय, त्यात तर खूण चोरायचीही गरज उरलेली नाही. आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. मी त्यांना काकू म्हणतो. मुलगा परदेशी, यजमान जाऊन चार वर्षं झालेली. त्यांना फोन आला की तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओवर खाकी वर्दीतला 'साहेब', मागे चौकीसारखी भिंत, पुढे शिक्के मारलेलं अटकेचं पत्र. दोन दिवस कॅमेरा चालू ठेवायचा, घराबाहेर पडायचं नाही, मुलाला सांगितलंत तर त्याच्यावरही गुन्हा दाखल होईल. तिसऱ्या दिवशी काकूंनी मुदत ठेव मोडली आणि 'तपासणीसाठी' पैसे पाठवले. त्या माझ्याशी याबद्दल बोलल्या तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते. म्हणाल्या, "अरे, मला कुठंतरी कळत होतं रे. पण कुणाला विचारूच दिलं नाही त्यांनी. आणि नंतर सांगायची लाज वाटली. इतकी वर्षं पोरांना शिकवलं, लोक काय म्हणतील?"

पार्वतीबाईंच्या आशेवर तोतया उभा राहिला, काकूंच्या भीतीवर. दोन्ही ठिकाणी एकटेपणा सारखाच होता. आणि ते आठ दिवस काकूंच्या लाजेनं भामट्यांना फुकट दिले.

म्हणून आपल्या कामाच्या गोष्टी या इतिहासाच्या उजेडात सांगतो.

ओळखायचं कसं? चेहरा, वर्दी, शिक्का, स्क्रीनवर उमटलेलं नाव, यातलं काहीही पुरावा नव्हे. पुरावा समोरच्याच्या वागण्यात आहे. तो घाई करतो का? आशा किंवा भीती दाखवतो का? आणि मुख्य म्हणजे, कुणाला सांगू नका असं म्हणतो का? म्हणत असेल तर तो तोतया आहे, मग तो पोलीस म्हणवो, बँकेचा माणूस म्हणवो की सख्खा भाचा. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. व्हिडिओवरून कुणालाही अटक होत नाही, आणि निर्दोष ठरण्यासाठी पैसे पाठवायला कुठलाही खरा पोलीस सांगत नाही. फोन ठेवावा आणि ज्याचं नाव सांगितलं त्याला आपणहून, आपल्याजवळच्या नंबरवर फोन करावा. पंचांपुढे चौकशी ती हीच.

सांगायचं कुठं? 1930 हा नंबर पाठ असावा, आणि तक्रारीसाठी केंद्र सरकारचं राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टल आहे, 2019पासून. 1930वर फोन केला की तक्रार एकाच वेळी संबंधित बँकांपर्यंत पोचते आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायचा प्रयत्न होतो. हे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे भराभर फिरवले जातात, म्हणून पहिला तास सोन्याचा. आपल्या बँकेला कळवणंही तितकंच गरजेचं. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकानुसार, आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आपण कळवलं, तर तो भार ग्राहकावर पडत नाही. उशीर होईल तसा पडत जातो. ओळख चोरणं आणि संगणकाच्या साहाय्यानं तोतयेगिरी करणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66ग आणि 66घ या कलमांखाली स्वतंत्र गुन्हे आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. तेव्हा 'माझंच चुकलं' म्हणून गप्प बसणाऱ्याला कायदा गुन्हेगार मानत नाही, फिर्यादी मानतो.

टाळायचं कसं? आधारची बायोमेट्रिक कुलूपबंद करता येतात, लागतील तेव्हाच उघडावीत. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं. आपल्या नावावर कुणी कर्ज तर उचललं नाही ना, हे क्रेडिट अहवालातून कळतं, आणि तो प्रत्येक संस्थेनं वर्षातून एकदा फुकट द्यायचा असतो. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी, आपलं छोटंसं मोर्तब म्हणून. आणि घरात एखादा खुणेचा शब्द ठरवावा. मध्यरात्री नातवाच्या आवाजात कुणी पैसे मागितले तर तो शब्द विचारावा. यंत्राला आवाज काढता येतो, घरची आठवण काढता येत नाही.

यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड काम मात्र वेगळंच आहे. घरातल्या, शेजारच्या एकट्या माणसाला आपल्याला विचारावंसं वाटलं पाहिजे. फसलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा काय म्हणतो? 'एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?' हे वाक्य जोवर आपल्या तोंडी आहे, तोवर भामट्याचं 'कुणाला सांगू नका' हे वाक्य चालत राहणार, कारण त्याचं निम्मं काम आपणच करून ठेवलेलं असतं. कोकणातले किल्ले पडले ते दोन किल्लेदार एकमेकांना विचारेनासे झाले म्हणून. आपल्या इमारतीत, आपल्या वाडीत, आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर ते विचारणं सुरू राहिलं, आणि विचारणाऱ्याला कुणी हसलं नाही, तर तोतयाला उभं राहायला जागा उरत नाही.